तुझे ते कोणाचे? ख्रिस्ती परंपरेतील धन, नीतिमत्त्व आणि अंतःकरण

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून काय करू, असे विचारतो. मत्तय त्याला तरुण म्हणतो, लूक अधिकारी म्हणतो. तो श्रीमंत होता याबद्दल तिघांचे एकमत आहे. येशू त्याला मोशेच्या आज्ञांची आठवण करून देतो. मार्काने त्या यादीत एक आज्ञा जास्तीची नोंदवली आहे, जी दहा आज्ञांत त्या रूपात सापडत नाही: कोणाला ठकवू नको. हे सारे मी लहानपणापासून पाळत आलो आहे, असे तो माणूस सांगतो. येशूला त्याच्याविषयी प्रीती वाटते, हेही मार्क आवर्जून सांगतो. मग येशू म्हणतो की एकच उणे आहे. असेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्या माणसाचा चेहरा उतरतो. मालमत्ता मोठी असल्यामुळे तो खिन्न होऊन निघून जातो.

हे पाहून शिष्यही चक्रावले. त्यांच्या समजुतीप्रमाणे श्रीमंती ही देवाच्या कृपेची खूण होती. अब्राहामाची गुरेढोरे, ईयोबाला दुपटीने परत मिळालेले वैभव, शलमोनाचा दरबार, ही उदाहरणे त्यांच्या धर्मग्रंथातलीच. श्रीमंताचा देवाच्या राज्यातला प्रवेश जर सुईच्या नाकातून जाऊ पाहणाऱ्या उंटापेक्षाही अवघड, तर तारण व्हायचे तरी कोणाचे? हा प्रश्न पुढच्या प्रत्येक पिढीच्या वाट्याला आला. काहींनी तो अंगावर घेतला, काहींनी शिताफीने टाळला. जेरुसलेमला ‘सुईचे नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघ्यांवर आला की त्यातून आत जाई, अशी सोयीस्कर माहिती आजही प्रवचनांत कानी पडते. असा दरवाजा होता याला कसलाही पुरावा नाही.

पुढील पानांतले वेचे या एका प्रश्नाभोवती जमवले आहेत. ते वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या पंथांतले आणि कित्येकदा एकमेकांशी भांडणारे आहेत. तरी ते सलग वाचले तर एक सूत्र हाती लागते: ख्रिस्ती परंपरेत अंतःकरणाची झडती तिजोरीपाशी घेतली जाते. ‘मनाने विरक्त असलो म्हणजे पुरे’ असे म्हणणारा इथे अर्धाच बरोबर ठरतो, आणि ‘दान केले की मनाशी काय देणेघेणे’ म्हणणाराही अर्धाच. देवाशी सरळ असणे आणि शेजाऱ्याचे त्याला देणे, या दोहोंना मिळून नीतिमत्त्व म्हणायचे. ते तोडले की दोन्ही तुकडे नासतात.

या शिकवणीचे मूळ इब्री शास्त्रात असल्यामुळे संग्रहाची सुरुवात संदेष्ट्यांपासून केली आहे. आमोस हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, तकोवा गावचा मेंढपाळ. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात त्या वेळी भरभराट होती. घरांत हस्तिदंती पलंग होते, उत्सव आणि यज्ञ जोरात चालू होते. आमोसाची नजर गेली ती तराजूवर. शब्बाथ कधी संपतो आणि धान्यविक्री कधी सुरू करतो म्हणून तळमळणारे, माप लहान आणि वजन मोठे करणारे, जोड्याच्या किमतीत गरीब विकत घेणारे व्यापारी त्याने पाहिले. अशांची भजने देवाला नकोशी झाली आहेत, हे त्याने तोंडावर सांगितले. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातले योबेल वर्ष म्हणजे याच जाणिवेचे कायद्यातले रूप. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्याकडे परत, आणि कर्जापायी दास झालेला माणूस मोकळा. का, तर जमीन देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावरचे उपरे. हा कायदा प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण मालकीला मुदत असते, हा विचार त्याने धर्माच्या मुळाशी रोवला.

यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात दोन विधाने शेजारीशेजारी येतात. माणसाचे अंतःकरण कमालीचे कपटी आहे, त्याचा ठाव देवालाच लागतो, हे पहिले. अन्यायाने धन जमवणारा हा स्वतः न घातलेली अंडी उबवणाऱ्या तितरासारखा, आयुष्याच्या मध्यावरच ते धन त्याला सोडून जाते, हे दुसरे. ही जोडी योगायोगाने पडलेली वाटत नाही. आपल्या मनाची ग्वाही आपणच द्यायची, यावर संदेष्ट्याचा विश्वास नाही. तो मिळकत कुठून आली ते विचारतो.

येशूचे डोंगरावरील प्रवचन याच वाटेने जाते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाची बांधणी नीट पाहावी. आरंभी इशारा आहे की धर्माचरण लोकांना दाखवण्यासाठी करू नका. डाव्या हाताला कळू न देता दान करा. अखेरीस सांगणे आहे की आधी देवाचे राज्य आणि त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यासाठी झटा. या दोन टोकांच्या मध्ये प्रार्थना आहे, उपास आहे, आणि मग धनाविषयीची सगळी वचने आहेत: कसर आणि जंग लागणारा साठा, दोन धन्यांची चाकरी, आकाशातली पाखरे, रानातली फुले. धनाचा विषय तिथे अर्थव्यवहार म्हणून येत नाही, नीतिमत्त्वाच्या पोटात येतो. शिवाय त्या प्रवचनात एक क्रम आहे, जो सहसा उलटा सांगितला जातो. आधी मन शुद्ध होईल आणि मग पैसा आपोआप योग्य जागी जाईल, असे येशू म्हणत नाही. जिथे धन ठेवाल तिथे मन ओढले जाईल, असे तो म्हणतो. म्हणजे मन बदलायचे असेल तर धनाची जागा बदलून पाहावी.

पण येशूने सर्वांना एकच हुकूम दिला, असेही नाही. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो, आणि त्याच्या घरी तारण आल्याचे येशू त्याच दिवशी जाहीर करतो. उरलेल्या निम्म्याची चौकशी होत नाही. जक्कयाने दान आणि परतफेड यांचा हिशेब वेगळा ठेवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लुबाडलेला पैसा दानपेटीत टाकून हात झटकण्याची मुभा त्याने स्वतःला दिली नाही. याउलट, लूकाच्या सोळाव्या अध्यायातल्या श्रीमंताने कोणाला लुटल्याचा उल्लेख नाही. तो जांभळी वस्त्रे नेसतो, रोज मेजवान्या झोडतो, आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून असतो. एवढ्यावरच त्याचा निकाल लागतो. कथेत भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही.

श्रीमंत तरुणाच्या गोष्टीचे पहिले सविस्तर विवरण आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटचे, दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे. आलेक्झांड्रिया हे भूमध्य समुद्रावरचे मोठे व्यापारी बंदर. तिथल्या मंडळीत सावकार आणि जहाजमालक येऊ लागले होते, आणि आपल्याला इथे जागाच नाही अशी त्यांची निराशा होत होती. क्लेमेंट त्यांना धीर देतो. धन हे हत्यार आहे, वापरणाऱ्यावर त्याचे बरेवाईट ठरते. फेकायची आहे ती हाव. सगळ्यांनीच सगळे टाकले तर भुकेल्याला जेवू कोण घालणार, असेही तो विचारतो. सोयीस्कर वाचनाचा उगम इथेच आहे, असा आरोप त्याच्यावर होत आला आहे. पण त्याच लेखनाच्या शेवटाकडे तो श्रीमंताला सांगतो की, आपल्याला भीडभाड न ठेवता खडसावील असा एखादा देवाचा माणूस जवळ ठेव आणि त्याचा धाक बाळग. हाव गेली की नाही, याचा निवाडा ज्याचा त्याने करायचा नाही, हे क्लेमेंटलाही मान्य होते.

दुसरे वाचन इजिप्तमधल्या एका तरुण शेतमालकाचे. अँटनी इसवी सन २७० च्या सुमारास चर्चमध्ये शिरला तेव्हा नेमका हाच उतारा वाचला जात होता. तो आपल्यालाच उद्देशून आहे असे त्याला वाटले. अथनेशियसने लिहिलेल्या चरित्रानुसार त्याने ३०० अरूरा सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बाकीचे विकून गरिबांत वाटले आणि धाकट्या बहिणीसाठी थोडे राखले. पुढे उद्याची चिंता न करण्याचे वचन कानी पडले, तेव्हा तेही दिले आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. वाळवंटातल्या संन्यस्त परंपरेला त्याच्या उदाहरणाने बळ मिळाले. तिची थोरवी मान्य करूनही वाचकाने विचारावे की बहिणीचे मत कोणी घेतले होते का. त्यागाची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजतो.

तिसरे वाचन चौथ्या शतकातले, आणि या संग्रहाचा मध्यभाग त्याने व्यापला आहे. कॅपाडोशियात ३६८-६९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. कैसरियाचा बेसिल तेव्हा बिशपही झालेला नव्हता. धान्याची कोठारे भरलेली होती आणि भाव चढायची वाट पाहत मालक बसले होते. पोटच्या पोरांपैकी कोणाला विकून बाकीच्यांना जगवावे, अशा पेचात पडलेल्या बापाचे चित्र बेसिलने प्रवचनात उभे केले आणि मग श्रीमंत तरुणाच्या गोष्टीकडे मोर्चा वळवला. सगळ्या आज्ञा पाळल्या म्हणणारा तो माणूस खोटे बोलत होता, असे बेसिलचे म्हणणे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती केली असती, तर शेजाऱ्यापेक्षा इतके जास्त त्याच्यापाशी उरलेच कसे? साठवलेली भाकर भुकेल्याची आणि पेटीतले वस्त्र उघड्याचे, हा त्याचा दावा इथून निघतो. गरिबाला देणे म्हणजे उदारपणा नव्हे, ते त्याचे त्याला परत करणे. बेसिलने लोकांकडून कोठारे उघडून घेतली आणि पुढे बिशप झाल्यावर शहराबाहेर आजारी, महारोगी आणि वाटसरू यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले. ते ‘बेसिलियास’ या नावाने ओळखले गेले.

अंत्युखियाचा धर्मगुरू योहान, ज्याला पुढे क्रिसोस्तोम म्हणू लागले, त्याने लाजराच्या कथेवर प्रवचनांची मालिकाच केली. आपल्याजवळचे न वाटणे हीदेखील चोरीच, हा त्यातला मुद्दा प्रसिद्ध आहे. त्याहून कमी उद्धृत होणारा मुद्दा असा की, मागणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करत बसू नका. गरज हीच त्याची पात्रता. कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य बिशप झाल्यावर त्याने बिशपनिवासाचा खर्च तोडून तो रुग्णालयांकडे वळवला. दरबाराशी त्याचे बिनसले, ४०४ मध्ये त्याला हद्दपार केले गेले आणि ४०७ मध्ये वाटचालीच्या हालांतच तो मेला. साधारण त्याच काळात मिलानच्या अँब्रोझने अहाब राजाने बळकावलेल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ही जुनी कथा रोज नव्याने घडते आहे, हा त्याचा सूर. युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी अँब्रोझने चर्चची पवित्र भांडी वितळवली आणि त्याबद्दल टीकाही सोसली.

या धर्मपित्यांच्या मर्यादाही दिसू दिल्या आहेत. त्यांच्या काळी माणूसही मालमत्तेत मोजला जाई, आणि गुलामगिरीच्या मुळावर घाव घालणारे विरळाच. बेसिलचा भाऊ न्यिसाचा ग्रेगरी हा त्यांतला एक. देवाच्या प्रतिरूपाची किंमत कोणत्या नाण्यांत करणार, असा त्याचा सवाल होता. ऑगस्टीनने आणखी एक सावधगिरी शिकवली: गरिबीलाही फाजील पुण्य चिकटवू नका. गरीब लाजर मेल्यावर कोणाच्या उराशी विसावला, तर धनवान अब्राहामाच्या. खिशात काही नसलेला माणूसही हावेने जळू शकतो.

मध्ययुगाचा आढावा त्रोटक ठेवला आहे. असिसीच्या कापडव्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस याने बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचा भाग कमी ठाऊक आहे. ख्रिस्त व प्रेषित यांच्या मालकीचे काहीच नव्हते, या त्याच्या अनुयायांच्या मताला १३२३ मध्ये पोप बाविसाव्या योहानांनी पाखंड ठरवले. संस्था श्रीमंत झाली की संस्थापकाची गरिबी अडचणीची ठरते. थॉमस अक्वायनसने मात्र व्यवस्थेच्या आत राहून एक धारदार निष्कर्ष मांडला: जीवावर बेतलेल्या गरजेपोटी दुसऱ्याचे घेणारा चोर ठरत नाही.

एव्हाना दान हे स्वर्गाचे तिकीट होऊ लागले होते. पैसे भरून पापदंडातून सूट देणाऱ्या पत्रांचा बाजार हे त्याचे टोक. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये त्यावर हल्ला केला, तो दानाविरुद्ध नव्हता. सूटपत्र घेण्यापेक्षा गरजवंताला द्यावे, हा त्याच्या ९५ प्रबंधांतला एक मुद्दा होता. १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत तो म्हणतो की, मन ज्यावर भिस्त ठेवते तोच माणसाचा खरा देव, आणि जगातला सर्वांत लोकप्रिय देव पैसा. नीतिमत्त्व विकत मिळत नाही, हे त्याने ठासून सांगितले. त्या शिकवणीचा आधार घेऊन हात आखडणारेही पुढे निघाले, ही तिची शोकांतिका. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीला तो अनुभव जिवंतपणीच आला. सचोटीने जमेल तितके मिळवा, जमेल तितके वाचवा, जमेल तितके द्या, अशी त्रिसूत्री त्याने १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनात मांडली होती. त्याचे अनुयायी कष्टाळू आणि काटकसरी निघाले, त्यामुळे श्रीमंत झाले. पहिली दोन सूत्रे त्यांनी उचलली आणि तिसरे सोडले, याची खंत त्याने म्हातारपणी पुन्हा पुन्हा बोलून दाखवली.

कारखान्यांच्या युगात प्रश्नाचे रूप पालटले. दाराशी पडलेल्या एका लाजराऐवजी आता मजुरांच्या वस्त्या होत्या. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी काढलेल्या परिपत्रात खासगी मालकीचा हक्क मान्य केला, पण मजुराने निरुपायाने कबूल केलेली मजुरी न्याय्य असेलच असे नाही, हेही बजावले. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडून दाद मागते, हे याकोबाच्या पत्रातले म्हणणे अठराशे वर्षांनी अर्थशास्त्राच्या भाषेत आले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत उलट दिशेचा प्रवाहही वाढला: विश्वास धरा, देणगी पेरा, संपत्ती उगवेल. ओरल रॉबर्ट्स आणि केनेथ हेगिन यांनी घडवलेली ही शिकवण आज आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि भारतातही ऐकू येते. पिढ्यानपिढ्या पिचलेल्या माणसाला ती आशा देते, हे नाकारू नये. पण ती शिष्यांच्या त्या जुन्या समजुतीकडे परत जाते, जी येशूने मोडली होती. शिवाय गरिबाला ती वर ऐकवते की तुझा विश्वासच कमी पडला.

मराठी मुलखात हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुली आणि विधवांना आणून केडगावला आसरा दिला. मुक्ती सदनात त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली, आणि कर्ज न काढता देवावर भरवसा ठेवून तो संसार चालवला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी अनुवादाला दिली आणि तो मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. हातचे सहज देऊन टाकण्याच्या त्यांच्या स्वभावाने संसाराची कशी त्रेधा उडे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळते. दात्याच्या घरात चूल कोण पेटवतो हा प्रश्न तिथे हसत हसत विचारला गेला आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत, आणि त्या तुकोबांनी वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. आपल्या काळात ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले. वसईच्या वाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला नाबोथाचा मळा दूरचा वाटणार नाही.

वेचे कालक्रमाने लावले आहेत, पण त्याच क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. नव्या वाचकाने बेसिलपासून सुरुवात करावी, मग क्लेमेंटकडे मागे जावे, म्हणजे दोघांतला वाद खरा का आहे ते कळेल. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला देवाच्या राज्याची भाषा परकी वाटली तरी धान्याचा साठा, अडलेली मजुरी, गिळलेली जमीन हे विषय परके नाहीत. आणि ख्रिस्ती वाचकाला एवढीच विनंती की ‘हे अंतःकरणाविषयी आहे’ असे म्हणून पान उलटू नये. तसे म्हणण्याचा अधिकार जक्कयाला होता, कारण कोणाचे किती द्यायचे आहे याचा आकडा त्याने आधी उच्चारला होता.